तीर्थन नदीवरचा फ्लाय फिशिंग गाइड: पैसे नेमके कशाचे द्यायचे?

हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट मासा धरायला जायचं तर गाइड घ्यावा का? घ्यावा. पण कास्टिंग शिकायला म्हणून घेऊ नये. दोरी हवेत कशी झुलवायची आणि कुठे सोडायची हे पुण्यात, ठाण्यात, कुठल्याही मोकळ्या मैदानावर शिकता येतं, आणि सकाळी फिरायला आलेली मंडळी हसतात त्यापलीकडे काही नुकसान होत नाही. गाइडला पैसे द्यायचे ते नदीच्या त्या एका तुकड्याचे. तो त्याला तोंडपाठ असतो आणि आपल्याला त्यातला एक दगडही ओळखीचा नसतो.

माझी ओळख थोडक्यात. मूळचा चिपळूणचा. वाशिष्ठीच्या खाडीत जिवंत कोळंबी लावून तांबोशी आणि जिताडा गरवण्यात लहानपण गेलं. नोकरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात झाली, त्यामुळे कोणी काही विकायला लागलं की आधी अटी बघायची खोड आहे. फ्लायचा नाद पन्नाशी उलटल्यावर लागला. घरच्यांचं म्हणणं, यापेक्षा ब्लड प्रेशर परवडलं असतं.

ज्यांनी फ्लाय रॉड हातात घेतलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. खाडीवर गळाला शिसं असतं. ते भिरकावलं की दोरा त्याच्यामागे जातो. फ्लाय म्हणजे किड्यासारखं दिसणारं नकली आमिष, त्याला वजन जवळजवळ नसतंच. हुकाला गुंडाळलेला दोरा, चार पिसं, फार तर टंगस्टनचा एक मणी. इथे वजन दोरीचं असतं. ती जाडसर दोरी मागे-पुढे झुलवून रॉड वाकवायचा आणि तो सरळ होतानाच्या जोरावर दोरी पुढे जाऊ द्यायची. दोरीच्या पुढे निमुळता होत जाणारा लीडर, लीडरच्या टोकाला केसासारखं टिपेट आणि टिपेटला फ्लाय. वासाचं आमिष नाही, म्हणजे मासा फसायचा तर तो फक्त डोळ्यांनी. म्हणूनच फ्लाय पाण्यात कशी वाहते यावर सगळं ठरतं.

आता नदी. दिल्लीहून मनालीची बस पकडून औटच्या बोगद्याआधी उतरायचं, तिथून लारजीवरून बंजार आणि पुढे गुशैणी. गुशैणी साधारण दीड हजार मीटरवर आहे. फ्लाचन नावाचा नाला इथेच तीर्थनला येऊन मिळतो. वरचं सगळं पाणी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कातून येतं, ज्याला 2014 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ट्राउट इथली मूळची नव्हे. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुल्लूत ब्राउन ट्राउट आणून सोडली आणि ती या थंड पाण्यात रुजली. रेनबो नंतर आली. आज फार्मवर वाढवतात ती बहुतेक तीच. माजी आमदार दिलेराम शबाब आणि खोऱ्यातल्या लोकांनी कोर्टापर्यंत जाऊन इथले छोटे जलविद्युत प्रकल्प रोखले. आजूबाजूच्या बहुतेक नद्यांना बोगद्यात घातलंय आणि ही अजून उघड्यावर वाहते, ते त्यांच्यामुळे.

गाइडपर्यंत पोचायच्या आधी एक अनुभव गाठीशी बांधून घेतला तो सांगतो. बुकिंग मी एका एजंटामार्फत केलं होतं. पॅकेजवर ठळक अक्षरात ‘मासा हमखास’. नदीत मासा हमखास कसा काय, हा प्रश्न मी फोनवर विचारला होता, त्यावर ‘सर, आप आइए तो सही’ एवढंच उत्तर. जाऊन बघतो तर सिमेंटची टाकी. त्यात खाद्याच्या गोळ्यांवर वाढलेल्या रेनबो, काठावर प्लास्टिकची खुर्ची, आणि किलोवर दर. टाकीतला मासा माणसाची सावली पडली की जवळ येतो! नदीतला पळतो. तुम्हाला लहान मुलांसोबत एक दुपार घालवायची असेल तर टाकी वाईट नाही. पण त्याला फ्लाय फिशिंग म्हणून पैसे घेणं म्हणजे शुद्ध बनवाबनवी. ‘हमखास’ हा शब्द दिसला की पुढे सरका.

मग होमस्टेच्या मालकिणीनेच गावातला एक गाइड सुचवला. त्याचं नाव आणि नंबर इथे देत नाही. एकटा माणूस आहे, सफरचंदांची बाग सांभाळून हे करतो, आणि उद्या चाळीस फोन आले तर त्याला ते नकोच असतील. गुशैणी-बंजार भागात असे आणखीही आहेत. हे परीक्षण एका माणसाचं असलं तरी काय बघून माणूस निवडावा हे त्यातून कळेल. त्याचा दर दिवसाला 3,500 रुपये, रॉड-रीळ-बूट-वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) त्यात आलं, जेवण आणि परवाना वेगळा. दोघं गेलात तरी दर तोच, पण त्याने स्वतःच सांगितलं की दोघांना एकदम शिकवणं या पात्रात जमत नाही. एकाला दाखवेपर्यंत दुसरा चुकीच्या जागी उतरून सगळे मासे उठवतो.

पहिल्या सकाळी मी दोरी ओवून, फ्लाय बांधून तयार. तो म्हणाला, “सर जी, रॉड गाडी में रहने दो.” मला वाटलं चहा वगैरे असेल. चहा नव्हता. तासभर आम्ही नुसते काठाकाठाने चाललो, खालून वर, आणि तो एका काठीने पाणी दाखवत गेला. पैसे वसूल झाले ते त्या तासात.

तीर्थनचा हा भाग म्हणजे मैदानी नदीसारखा लांबलचक डोह नाही. पाच-पाच पावलांवर गाडीएवढे, म्हशीएवढे दगड, त्यांच्यामधून उड्या मारत जाणारं पाणी. वरून बघितलं तर सगळं एकसारखं पांढरं. आमच्या कोकणात पावसाळ्यातला पऱ्या असाच दिसतो, आणि पऱ्यात मासा कुठे असतो हे मला कळायचं. इथे काहीच कळेना. त्याने एका दगडासमोर थांबवलं. दगडाच्या दोन्ही बाजूंनी जोरात पाणी, मागे हातभर लांबीचा संथ तुकडा. वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं तिथे फेसाची एक बारीक रेघ. मासा फेसात नाही आणि अगदी संथ जागीही नाही, त्या रेघेच्या आतल्या अंगाला. दादरच्या पुलावर खांबाच्या आडोशाला उभा राहून गर्दी बघणारा माणूस असतो ना, तसा. धक्का खावा लागत नाही आणि जे येतं ते समोरूनच जातं.

पण त्याने पुढे जे सांगितलं ते कुठल्या व्हिडिओत मला दिसलेलं नव्हतं. त्या दगडाला मागेच नाही, तर पुढेही एक जागा असते. पाणी दगडावर आपटून मागे ढकललं जातं, तिथे तळाशी एक उशीसारखी संथ पट्टी तयार होते. मोठा ब्राउन बऱ्याचदा तिथेच बसतो, कारण वाहून येणारं खाणं सगळ्यात आधी त्यालाच दिसतं. शिवाय काठालगत, जेमतेम गुडघाभर पाण्यात, अल्डरच्या फांद्यांच्या सावलीत. माझा हात खाडीच्या सवयीने लांब फेकायला शिवशिवत होता, आणि तो दरवेळी काठी पायाशी टेकवून म्हणायचा, “पहले ये वाला.” जवळचं आधी, मग मधलं, शेवटी पलीकडचं. उलट केलं तर लांबच्या एका माशासाठी आपण जवळच्या तिघांवरून दोरी ओढत नेतो.

खालून वर जायचं तेही यासाठीच. ट्राउट तोंड वरच्या अंगाला, प्रवाहाच्या उलट करून उभी असते. आपण मागून गेलो तर दिसत नाही.

मग त्याने एक दगड उचलला. प्रवाहातला, नारळाएवढा, आणि उलटा करून माझ्या हातात दिला. मी चष्मा वर करून डोळ्याजवळ नेला. खालच्या ओल्या बाजूला चपट्या, गव्हाच्या दाण्याहून लहान, तपकिरी अळ्या सरकत होत्या. शेपटीला तीन बारीक तंतू असलेल्या मेफ्लायच्या, दोन तंतूंच्या स्टोनफ्लायच्या. एका कोपऱ्यात वाळूच्या कणांची शिवलेली नळी चिकटली होती, तिच्या टोकातून काळं डोकं बाहेर येऊन आत गेलं, ती कॅडिस. ट्राउट वर्षातला बहुतेक काळ हेच खाते, पाण्याखाली. वर तरंगणाऱ्या फ्लायवर उडी मारणारा मासा फोटोत छान दिसतो, पण सकाळच्या नऊच्या थंड पाण्यात तो वर येतोच कशाला? त्याने माझ्या डबीतल्या रंगीबेरंगी फ्लाय बघितल्या, काही बोलला नाही, आणि मणी लावलेली, फेझंट टेल नावाची साधी तपकिरी फ्लाय निवडली. चौदा नंबरच्या हुकाची. दगडाखालच्या अळीशेजारी धरली तर फरक सांगणं कठीण.

कास्टिंगबद्दल मी सुरुवातीला जे म्हटलं त्याचं कारण इथे कळतं. या पात्रात मैदानावरची ती सुंदर लांब दोरी बहुतेक वेळा वापरताच येत नाही. मागे अल्डरची झाडं, डोक्यावर फांद्या. मागे दोरी नेली की फ्लाय झाडाला. म्हणून रोल कास्ट, दोरी पाण्यावरच ठेवून तिची गुंडाळी पुढे लोटायची. आणि त्याहूनही जास्त वेळा तर कास्ट असा नाहीच. रॉड उंच धरायचा, दोरी पाण्याला लागूच द्यायची नाही, फक्त लीडर पाण्यात आणि फ्लायसोबत रॉडचं टोक खाली-खाली नेत जायचं. दोरी पाण्यावर पडली तर चार वेगवेगळे प्रवाह तिला चार दिशांना ओढतात, आणि तळाशी फ्लाय अशी पळायला लागते जशी कुठलीच अळी पळत नाही. मासा ते ओळखतो.

इथे माझी तक्रार. हा माणूस पाणी दाखवण्यात अव्वल, पण हाताचं काही दुरुस्त करत नाही. माझं मनगट उशिरा थांबत होतं, त्यामुळे लीडर गोळा होऊन पडत होता. ते त्याला दिसत होतं आणि तो गप्प. विचारलं तेव्हा एका वाक्यात सांगितलं, आणि ते बरोबर निघालं. म्हणजे येतं सगळं, पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही, पाहुण्याला काय बोलायचं हा पहाडी संकोच. वर नदीचा आवाज एवढा की पाच फुटांवरचं ऐकू येत नाही. त्यामुळे जाताना प्रश्न घेऊन जा, आणि विचारत राहा. नवख्याने, ज्याने कधीच रॉड धरलेला नाही त्याने, थेट इथे येऊ नये. त्याचे पैसे फुकट जातील.

मासा लागतो तो क्षण खाडीवरच्यासारखा नसतो. तांबोशी दोरा हिसकावते, हात खांद्यापर्यंत हलतो. इथे लीडरवर गुलाबी नायलॉनचा एक तुकडा बांधलेला असतो, नजर त्याच्यावर ठेवायची. तो प्रवाहासोबत सरकत असतो. एका दगडाच्या पुढच्या अंगाला, त्या उशीवर, तो सरकता सरकता थांबला. बस्स, थांबला. तळाला दगडात अडकलं असावं असं वाटावं इतकं साधं. गाइडने माझं कोपर वर ढकललं आणि रॉड वाकला. वीतभराहून थोडा मोठा ब्राउन. अंग ऑलिव्ह-तपकिरी, पोट लोण्याच्या रंगाचं, बाजूला काळे ठिपके आणि मधेमधे लाल, प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट कडं. हात आधी ओले करायला लावले, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो म्हणून. हुकाचा उलटा काटा ठेचून सपाट केलेला होता, पाण्यातच वळवला आणि निघाला. तो धरून फोटो काढायला त्याने मला दोन-चार सेकंदच दिली. ही शिस्त मला आवडली. त्याचं रबरी जाळंही चांगलं आहे, गाठीच्या नायलॉन जाळ्यासारखं पंख फाडत नाही.

पुढे काही लागले, बरेच सुटले. दुपारी पाणी चढलं आणि सगळं थांबलं.

पाणी चढण्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. मे महिन्यात वर बर्फ वितळतो, त्याचं पाणी दुपारनंतर खाली पोचतं. सकाळी काचेसारखं असलेलं पात्र तीन वाजता राखाडी होतं आणि मांडीपर्यंतचं कमरेपर्यंत येतं. हा गाइड पाण्यात उतरण्याआधी काठावर, पाण्याच्या अगदी कडेला, एक पांढरा गोटा ठेवतो. मासा लागलेला असो वा नसो, दर थोड्या वेळाने त्याच्याकडे बघतो. गोटा भिजला की बाहेर. मी एकदा ‘आणखी दोन कास्ट’ म्हणालो तर त्याने उत्तर न देता माझ्या वेडरचा पट्टा धरून काठावर आणलं. त्या पट्ट्याबद्दलही तो आग्रही आहे: कमरेला आवळलेला असलाच पाहिजे, नाहीतर पडल्यावर वेडरमध्ये पाणी भरतं. तीर्थनवर वरच्या अंगाला मोठं धरण नाही, त्यामुळे अचानक सोडलेल्या पाण्याची भीती इथे नाही. खाली व्यास (बियास) नदीवर ती आहे. 8 जून 2014 ला लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे 24 विद्यार्थी वाहून गेले, तेही नदीत उभे राहून फोटो काढत असताना. कोणी गाइड तुम्हाला लारजीच्या खाली व्यासच्या पात्रात उतरवत असेल तर सरळ नाही म्हणा.

आणखी एक गोष्ट, जी गाइडचा दर रास्त ठरवते. 2023 च्या जुलैतल्या पुरांनी कुल्लू जिल्ह्यातल्या नद्यांची पात्रं जागोजागी बदलली. मी जाण्याआधी जुने व्हिडिओ बघून काही डोह वहीत उतरवून ठेवले होते. त्यातला एक आता गोट्यांचा सपाट पट्टा आहे, त्यावर गावातली पोरं क्रिकेट खेळत होती. नदी दर पावसाळ्यात थोडी हलते. मोठ्या पुरात खूप हलते. वहीतली माहिती तोवर शिळी झालेली असते. वर्षभर रोज त्या काठाने जाणारा माणूस असेल तरच त्याला यंदाचं पात्र माहीत असतं.

साहित्याला मात्र मी काठावर पास करतो. रॉड नऊ फुटी, पाच वेटचा (म्हणजे मध्यम वजनाच्या दोरीसाठीचा), चांगल्या स्थितीत. रीळही ठीक. पण वेडर गुडघ्यापाशी गळतं, आणि ते पाणी बर्फाचं असतं हे लक्षात घ्या. बुटांच्या तळाचं फेल्ट झिजून गुळगुळीत झालेलं. शेवाळलेल्या दगडांवर ते बूट म्हणजे धोका. मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं, तो ‘इस साल नया लेंगे’ म्हणाला. लीडर जुना, गुंडाळीचा आकार धरून बसलेला. तेव्हा बूट स्वतःचे न्या, निदान 5एक्स आणि 6एक्स जाडीच्या टिपेटची रिळं स्वतःची न्या, आणि पोलराइज्ड चष्मा न विसरता. तो चष्मा नसेल तर पाण्याची चकाकी तेवढी दिसते, खालचा दगड नाही. चालायची काठी तो देतो, ती घ्या, लाजू नका.

जेवणाचं विचाराल तर दुपारी काठावर राजमा-भात, संध्याकाळी होमस्टेवर तूप ओतलेला सिड्डू (आंबवलेल्या पिठाचा वाफवलेला पाव) आणि लिंगडीची भाजी. लिंगडी म्हणजे नेच्याचे गुंडाळलेले कोवळे कोंब. आमच्याकडच्या पावसाळी रानभाज्यांची आठवण झाली. ट्राउट खायची असेल तर फार्मवरची घ्या. नदीतली सोडून द्या असं गाइड सांगत नाही, पण तो स्वतः सोडतो.

परवाना राज्याच्या मत्स्य विभागाचा लागतो, आणि तो गाइडच्या भरवशावर ठेवू नका, कागद स्वतःच्या खिशात असू द्या. 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या पाण्यात मासेमारी बंद असते, कारण ब्राउन तेव्हा अंडी घालते. पावसाळ्यात नदी गढूळ आणि रागात. उरलं काय, तर मार्च ते मेचा पूर्वार्ध आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. मेच्या शेवटी जाल तर अर्धा दिवसच हाती लागतो, वर सुट्ट्यांची गर्दी आणि काठावर मोठ्याने लावलेली गाणी.

पाचपैकी चार देतो. एक कापला तो बूट-वेडरचा. हातात पावती मिळत नाही, ऑनलाइन पैसे नेटवर्क असेल तर जातात, म्हणून बंजारच्या एटीएममधून रोख काढून ठेवा.

फोन करताना तीन गोष्टी विचारून घ्या. नदी की टाकी? पाणी वाढलं तर दिवस कधी संपतो, आणि उरलेल्या अर्ध्या दिवसाचे पैसे कसे धरता? आणि पहिला तास रॉडशिवाय फिरवाल का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर दुसरा नंबर फिरवा. पाहिजे तो माणूस मिळाला की बुटांचा नंबर त्याला आधीच कळवा. त्याच्याकडे दहाच्या वरचे नाहीत.